फिटलेले कर्ज आणि जिवंत हुकूमनामा

कर्ज फेडणे हे एक कृत्य आणि ते फिटल्याची नोंद होणे हे दुसरे. सामान्य व्यवहारबुद्धीला ही दोन्ही एकच वाटतात. परंतु दख्खनच्या शेतकऱ्याच्या गेल्या दोन शतकांतील कर्जबाजारीपणाची दप्तरे चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की, त्याच्या दुर्दशेचा पुष्कळसा भाग या दोहोंमधल्या अंतरातच घडून आलेला आहे. आपल्याकडील लेखक या विषयाचा विचार करताना बहुधा व्याजाच्या दराशी येऊन थांबतात. दर जबर होते, मनोती आगाऊ कापून घेतली जाई, चक्रवाढीने मुद्दल फुगे, हे सारे खरेच आहे. तथापि व्याज कितीही जबर असले तरी त्याला कोठेतरी अंत असतो, आणि ज्या कागदावर ते चढते तो कागद कोणाच्या पेटीत राहतो, तो केव्हा रद्द होतो, आणि रद्द झाला हे कोणाच्या सांगण्यावरून मानले जाते, हे प्रश्न माझ्या मते व्याजाहून अधिक मूलगामी आहेत.

धर्मशास्त्रकारांनी ऋणाचा विचार मोठ्या बारकाईने केला होता. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, न फेडल्यास पित्याला सद्गती नाही, ही कल्पना त्यांनी इतकी दृढ केली की ती पुढे इंग्रजी न्यायालयांतही कायद्याचा नियम म्हणून शिरली, आणि १८६६ साली मुंबई सरकारला स्वतंत्र कायदा करून सांगावे लागले की, मुलगा वा नातू केवळ मुलगा वा नातू आहे एवढ्यावरून वाडवडिलांच्या कर्जास बांधला जात नाही. हाती आलेल्या मिळकतीपुरतीच त्याची जबाबदारी. परंतु शास्त्रकारांनी ऋणाला जशी पिढ्यान्‌पिढ्यांची लांबी दिली, तशीच त्याला उंचीची मर्यादाही घातली. दामदुपटीचा नियम तो हाच: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. सावकाराला दुप्पट मिळू शके, तिप्पट नाही. हा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला, आणि तरीही तो निष्फळ कसा ठरला, हे पुढे दिसेलच.

पेशवाईत कर्जवसुलीची रीत न्यायालयीन नव्हती, सामाजिक होती; आणि सामाजिक म्हणून ती सौम्य होती असे मात्र मुळीच नव्हे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात तगाद्याचे प्रकार दिले आहेत. नुसत्या मागणीपासून त्यांचा आरंभ होई. मग दारात माणूस बसविणे, ऋणकोला जेवू न देणे, मान आणि पाय बांधून ठेवणे, एका पायावर उभे करणे, डोक्यावर दगड देणे, अशा पायऱ्या चढत जात. धनको स्वतःच दाराशी धरणे धरून बसला आणि उपाशी राहिला तर ऋणकोलाही अन्न घेता येत नसे. या धरण्याचा धाक इतका होता की १८६० च्या दंडसंहितेत त्याच्यासाठी एक कलम खर्ची घालावे लागले, आणि आज ज्या देशात धरणे हे लोकशाहीचे नित्याचे साधन मानले जाते त्या देशाच्या दंडविधानात ते मूळ सावकारी रूपात गुन्हा म्हणून नोंदले गेले, हा एक मौजेचा योग आहे. प्रकरण पंचायतीपुढे गेले तर पंच ऋणकोची ऐपत पाहून हप्तेबंदी करून देत, आणि सरकारने वसुलीत हात घातला तर वसुलीचा चौथा हिस्सा सरकारजमा होई. म्हणजे सरकारी मदत महाग होती. सावकाराला गावाशी मिळूनमिसळून राहणेच परवडत असे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ साली अंतकाळी करून ठेवलेल्या नऊ कलमी यादीतही कर्ज वारण्याची चिंता होती. तेव्हा कर्ज ही गोष्ट केवळ कुणब्याच्या कपाळी लिहिलेली होती असे समजण्याचे कारण नाही.

या काळात माणसाची पत गावाच्या स्मरणात असे. अमक्याचा बाप दुष्काळातही बोलाचा सच्चा राहिला, तमक्याने बैल विकून हप्ता भरला, हे पाटलाला, कुलकर्ण्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असे, आणि ते सांगणारी चार तोंडे असत. या स्मरणात पक्षपात नव्हता असे नाही. महारामांगाची पत त्या स्मरणाने कधी वाढविली नाही, आणि विधवेची तर सहसा नाहीच. परंतु त्याचा एक गुण असा की ते एकट्या धनकोच्या मालकीचे नव्हते.

ते धनकोच्या मालकीचे झाले ते वहीबरोबर. सावकाराच्या रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च उतरे, तेथून खतावणीत कुळाच्या नावे जाई, दिवाळीला वहीपूजन होऊन नवी वही उघडली की मागील बाकी पहिल्या पानावर येऊन बसे, आणि शिवाय पेटीत स्टांपाच्या कागदावरचे खत निराळे असे. ते खत लिहिणारा बहुधा सावकाराचा गुमास्ता, वाचणाराही तोच. खाली ऋणकोची ‘निशाणी नांगर’. ज्या हाताने आयुष्यभर नांगर धरला त्याने कागदावरही नांगरच काढावा, यात कोणाला काव्य दिसेल. परंतु त्या निशाणीच्या वर काय लिहिले आहे हे त्या हाताच्या धन्याला कळत नसे. रक्कम दिली तरी पावती क्वचित मिळे. खताच्या पाठीवर ‘भरून पावलो’ असा शेरा मारून ते परत करणे किंवा कुळासमक्ष फाडून टाकणे ही रीत होती, आणि सचोटीचे सावकार ती पाळीतही. पण न पाळणाऱ्याला ती पाळावयास लावील असे कोणी राहिले नव्हते.

इंग्रजी अमलाने या वहीला न्यायालयाचे बळ दिले. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत लेखी रोख्यावर दावा करण्यास बारा वर्षांची मुदत होती आणि व्याजाला शेकडा बाराची मर्यादा होती. १८५५ साली व्याजावरील बंधने उठली, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या पैशाच्या व्यवहारास तीन वर्षांची, तर नोंदविलेल्या रोख्यास सहा वर्षांची मुदत ठरविली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जुनी, पुराव्याने झिजलेली कर्जे न्यायालयात येऊ नयेत, आणि गरिबाच्या मानेवरचे जू तीन वर्षांत उतरावे, अशी त्यांची समजूत होती. लंडनमधल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ती कदाचित खरीही ठरली असती. शिरूर-भीमथडीच्या कोरडवाहू रानात, जेथे तीन वर्षांतून एक पीक साधावयाचे, तेथे तिचा परिणाम बरोबर उलटा झाला. कारण मुदत संपत आली की सावकारापुढे दोनच मार्ग उरत, दावा लावणे किंवा नवे खत लिहून घेणे. नवे खत लिहिताना मागचे व्याज मुद्दलात मिळे, नव्या कागदाचा खर्च त्यात पडे, आणि दामदुपटीचा जो जुना बांध होता तो येथेच फुटे, कारण कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक नवे खत म्हणजे नवे मुद्दल. दुपटीची गणती दर तीन वर्षांनी पहिल्यापासून सुरू होई. आणि जुने खत? ते परत मिळालेच पाहिजे असा आग्रह धरण्याइतकी अक्कल ज्याला होती त्याला कर्जाची गरज सहसा पडत नसे.

यात सावकाराला सर्वस्वी दोषी धरणे न्यायाचे होणार नाही. सरकारी सारा रोखीने आणि पुष्कळदा पीक हाती येण्यापूर्वीच भरावा लागे. त्या वेळी पैसा पुरविणारा गावात दुसरा कोणीच नव्हता, आणि सरकारचा वसूल वेळेवर येई तो बऱ्याच अंशी त्याच्याच पेटीतून. मुदतीच्या कायद्याने त्यालाही घाईस लावले होते. जो सावकार कुळाला दहा वर्षे सांभाळून घेण्यास तयार होता त्यालाही तिसऱ्या वर्षी कागद काढून बसणे भाग पडू लागले. शिवाय १८७२ च्या कराराच्या कायद्यात अशी तरतूद आली की, मुदतबाह्य झालेले कर्जदेखील फेडण्याचे ऋणकोने सहीनिशी लिहून कबूल केले तर ते पुन्हा जिवंत होते. विधिज्ञ याचे समर्थन सदसद्विवेकाच्या भूमिकेवरून करतात, आणि शिकलेल्या मनुष्याच्या बाबतीत ते पटतेही. नांगराची निशाणी काढणाऱ्याच्या बाबतीत मात्र मेलेले कर्ज उठविण्याचा तो सोपा मंत्र ठरला.

परंतु खतापेक्षाही भयंकर कागद होता हुकूमनामा. समन्स गावात पोहोचले तरी कुणबी तालुक्याच्या कोर्टात जात नसे; रस्ता लांब, सुगीचे दिवस, वकिलाला द्यावयास पैसा नाही, आणि आपण कर्ज घेतले आहे हे तर खरेच, मग जाऊन सांगावयाचे काय, अशी त्याची विचारसरणी. दावा एकतर्फी निकालात निघे आणि हुकूमनामा सावकाराच्या हाती येई. तो हाती आला म्हणजे लगेच जप्ती आणि लिलाव होत असे समजण्याचे कारण नाही. शहाण्या सावकाराला लिलावाची फारशी घाई नसे. हुकूमनाम्याची खरी किंमत तो बजावण्यात नव्हती, तो बजावता येईल या भीतीत होती. त्या भीतीखाली कुळाने पीक आणून टाकावे, शेतावर राबावे, नवे खत लिहून द्यावे. आणि ज्याच्यावर एकाचा हुकूमनामा लटकतो आहे त्याला दुसरा सावकार दारात उभा करीत नसल्यामुळे त्याने कायम याच उंबऱ्याशी राहावे. तीन वर्षांच्या आत एखादी दरखास्त दिली की हुकूमनाम्यात पुन्हा जीव येई.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १८५९ च्या दिवाणी कामकाजाच्या कायद्यातील २०६ वे कलम असे होते की, हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरावी, आणि कोर्टाबाहेर तडजोड वा फेड झाली असेल तर ती कोर्टाच्या द्वारा झाल्याशिवाय किंवा हुकूमनामेदाराने स्वतः कोर्टाला कळविल्याशिवाय कोर्टाने ती जमेस धरू नये. यातील तर्क सरळ आहे: फेड झाली की नाही याचे नवे भांडण प्रत्येक दरखास्तीत काढले जाऊ लागले तर कोणताही हुकूमनामा कधीच अमलात यावयाचा नाही. पण हा तर्क कुणब्याच्या घरी जाऊन पाहा. त्याने बायकोची पुतळ्यांची माळ मोडली, साक्षीदारांसमोर सावकाराच्या ओट्यावर रुपये मोजून दिले, गूळपाणी झाले, तो मोकळ्या मनाने घरी आला. कोर्टाच्या दप्तरी मात्र त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा जसाच्या तसा उभा. कारण तो फिटला हे सांगण्याचा अधिकार ज्याला होता त्याला ते सांगण्याची निकड नव्हती. दोन वर्षांनी त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त आली आणि बेलिफ दारात उभा राहिला, तर ‘मी पैसे दिले आहेत’ हे त्याचे खरे उत्तर कोर्ट ऐकू शकत नव्हते. साक्षीदार खरे बोलले तरी उपयोग नाही. त्याने फार तर निराळा दावा लावून दिलेला पैसा परत मागावा, आणि त्या दाव्याचा स्टांप, वकील, हेलपाटे यांसाठी पुन्हा कर्ज काढावे. तेही बहुधा त्याच पेढीवरून.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे मोल आले, रेल्वेच्या कामांवर मजुरी खेळू लागली, आणि कुणब्याची पत एकाएकी वाढली. सावकार बोलावून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच १८६७ पासून इंदापुराकडून फेरपाहणी होऊन साऱ्याचे आकार वाढत चालले, आणि तेजीत दिलेल्या कर्जाचे हुकूमनामे मंदीत बाहेर पडू लागले. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावरील हुकूमनाम्यात त्यांचा वाडा घेऊन पाडावयास काढला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. देशमुख काही गरीब कुणबी नव्हता. हुकूमनामा वाड्यापर्यंत पोहोचू शकतो हे दिसले म्हणूनच झोपडी पेटून उठली असावी.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी गुजर सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेला, आणि तेथून ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक तालुक्यांत पसरली. धरपकड झाली ९५१ जणांची. शिक्षा झाली ५०१ जणांस. या दंग्यांचा विशेष चौकशी-आयोगाने स्वच्छ नमूद केला आहे. जमावाचा रोख माणसांवर नव्हता, बहुतेक ठिकाणी मालावरही नव्हता. खते, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढावे आणि होळी करावी, एवढाच उद्देश, आणि कागद मुकाट्याने काढून दिले तेथे सावकाराच्या केसालाही धक्का लागला नाही. विद्वानांनी याला अडाणी माणसाचे कागदाविषयीचे भाबडे भय म्हटले आहे. मला ते भय मुळीच भाबडे वाटत नाही. जाळलेल्या कागदांत फिटलेली किती आणि न फिटलेली किती हे कोणालाच सांगता येत नव्हते, आणि न्यायालयाच्या लेखी त्यांत काही भेदही नव्हता. तेव्हा सगळेच जाळणे हा त्या परिस्थितीत मिळण्यासारखा एकमेव हिशेब होता.

आयोगाने नगर जिल्ह्यातील बारा गावांची कसून तपासणी केली. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले, कर्ज साऱ्याच्या सरासरी अठरा पट, आणि त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर. रिची, लायन, कॉल्विन आणि शंभुप्रसाद लक्ष्मीलाल यांच्या त्या अहवालातून १८७९ चा सतरावा कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता असलेला हा दख्खन शेतकरी कायदा म्हणजे माझ्या अल्पमतीप्रमाणे त्या शतकातील सर्वांत धीट विधानांपैकी एक होय. करार म्हणजे करार, सही म्हणजे सही, या तत्त्वावर ज्या न्यायालयांची सारी इमारत उभी होती त्यांनाच त्याने सांगितले की, खतावरील आकडा मानू नका. पहिल्या दिवसापासूनचा हिशेब काढा, मुद्दल निराळे करा, व्याज निराळे करा, मध्ये किती नवी खते झाली हे विसरून जा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणे बंद झाले, आणि मुद्दाम गहाण लिहून दिल्याशिवाय त्याची जमीन विकता येईनाशी झाली. मुदत पुन्हा वाढवून साध्या रोख्यास सहा आणि नोंदणीच्या रोख्यास बारा वर्षे करण्यात आली. म्हणजे वीस वर्षांपूर्वी दयाबुद्धीने केलेली घाई दयाबुद्धीनेच मागे घेण्यात आली.

परंतु मला या कायद्यातील सर्वांत मोलाची वाटतात ती त्याची लहान लहान, कारकुनी कलमे. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमक्षच झाला पाहिजे. नव्या रोख्यात जुना मिळविला असेल तर जुना तेथे हजर करून त्याचा उल्लेख नव्यात झाला पाहिजे. पैसे मिळाले की लेखी पावती दिलीच पाहिजे. वर्षाला हिशेबाचा उतारा मागितला तर दिला पाहिजे. आणि कुळाने मागितल्यास त्याला खातेपुस्तक देऊन त्यात वेळोवेळी नोंदी केल्या पाहिजेत, नाही तर दंड. फिटल्याची साक्ष देण्याचा भार प्रथमच कायद्याने धनकोवर टाकला.

कायदा चालला कसा, हे न्यायमूर्ती रानड्यांना पुरते माहीत होते. १८९३ साली उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी तालुक्यातालुक्यांतील निकाल तपासले होते. सनदी अधिकारी वेडरबर्न यांच्या साहाय्याने त्यांनी ज्या शेतकी बँकेचा पुरस्कार केला तिच्या योजनेत पुरंदर तालुक्यातील जुनी कर्जे प्रथम तोडजोड करून वारावी आणि मग नव्या पतीने व्यवहार सुरू करावा, अशी कल्पना होती. लॉर्ड रिपन यांचे सरकार अनुकूल झाले, विलायतेतून भारतमंत्र्यांनी नकार दिला, आणि ते तेथेच राहिले. सावकारांनी इकडे कायद्याला वळसा घालण्याचा मार्ग शोधून काढला. गहाणखताचा हिशेब उकलला जातो काय, ठीक आहे, मग गहाण नकोच, सरळ खरेदीखत करा. तोंडी आश्वासन असे की पैसे दिले की जमीन परत. १९०७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन खरेदीखत हे मुळात गहाण होते हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा मिळाली, पण तोवर पुष्कळ जमिनींचे मूळ धनी बदलले होते. आणि एक परिणाम तर अटळच होता. ज्याचे कर्ज न्यायालय उकलून कमी करू शकते त्याला कर्ज देण्यास हात आखडला; संरक्षित शेतकऱ्याची पत त्या संरक्षणानेच उणावली. हा पेच कोणत्याही कर्जनिवारणाच्या कायद्याला आजवर सुटलेला नाही. १९३९ आणि १९४७ चे मुंबईचे शेतकरी कर्जनिवारणाचे कायदे, परवाना, हिशेब आणि दामदुपट यांनी सावकारीला बांधणारा १९४६ चा कायदा, आणीबाणीच्या काळातील महाराष्ट्राचा कर्जमुक्तीचा कायदा, या सर्वांच्या पोटात तो होता.

१९०४ नंतर सहकारी पतपेढ्या निघाल्या तेव्हा त्यांच्या दप्तरात हैसियतीची नोंद आली: सभासदाची जमीन किती, जनावरे किती, देणे कोणाचे किती. शेतकऱ्याच्या पतीचा लेख सावकाराखेरीज दुसऱ्या कोणी ठेवावा, आणि तो ठेवणाऱ्या संस्थेत त्याचेही मत असावे, ही नवी गोष्ट होती. तिची व्याप्ती मात्र तोकडी. गोरवाला समितीच्या १९५१-५२ च्या पाहणीत देशातील ग्रामीण कर्जापैकी सहकाराचा वाटा शेकडा तीनच्या आसपास निघाला, आणि सावकारांचा सुमारे सत्तर. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते, आणि हा आकडा महाराष्ट्रातील सहकारी चळवळीने पुढे फार दिवस उराशी बाळगला.

सहकार पुढे वाढला, सोसायटी गावोगाव आली, आणि तिच्याबरोबर सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा आला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ४८ व्या कलमान्वये सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा भार लिहून देतो आणि तलाठी त्याची नोंद करतो. कर्ज फिटले म्हणजे हा बोजा आपोआप उतरत नाही. संस्थेचा बेबाकीचा दाखला घ्यावा, तो चावडीवर द्यावा, फेरफार पडावा, मंडल अधिकाऱ्याने तो मंजूर करावा, तेव्हा उतारा कोरा होतो. सचिव बदललेला, तलाठी दुसऱ्या सजावर गेलेला, संस्थाच अवसायनात निघालेली, अशा कारणांनी आजोबांनी फेडलेल्या विहिरीच्या कर्जाचा बोजा नातवाच्या उताऱ्यावर उभा असल्याची उदाहरणे कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ऐकावयास मिळतात. नातू नव्या कर्जासाठी बँकेत जातो आणि बँक त्या ओळीवर बोट ठेवते. तेथे कोणी लबाडी केलेली नसते. नोंद करण्यास एक माणूस लागला, ती पुसण्यास तीन लागतात, आणि त्या तिघांपैकी कोणाचेच त्यावाचून अडत नाही.

२००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो ही कंपनी स्थापन झाली, २००५ साली पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा झाला, आणि आता ‘सिबिल’ हा शब्द मोंढ्यात आणि ऊसतोडीच्या फडातही चालतो. तीनशे ते नऊशे यांमधील एक अंक ऋणकोची पत सांगतो. ठराविक रकमेहून कमी घेऊन बँकेने खाते मिटविले तर ‘सेटल्ड’, बुडीत खाती टाकले तर ‘रिटन ऑफ’, असा शेरा पडतो, आणि उरलेली रक्कम मागाहून भरली तरी हप्ता चुकल्याचा इतिहास मागे राहतो. माहिती किमान सात वर्षे जतन करावी असा दंडक आहे. म्हणजे पैशाच्या दाव्याची मुदत अजून तीन वर्षांचीच, आणि स्मरणाची मुदत सातांची. जे देणे कोर्टात मागता येत नाही ते अहवालात बोलत राहते. अमेरिकेत फेडलेले हुकूमनामे असेच सात वर्षे पतीच्या अहवालात राहत. नाव, पत्ता आणि ओळख यांची खातरजमा होत नाही म्हणून जुलै २०१७ पासून तेथील तीन मोठ्या कंपन्यांनी दिवाणी हुकूमनामे प्रायः काढूनच टाकले. तेथेही न्यायालयाच्या दप्तरातून नोंद येई लवकर, आणि फिटल्याची नोंद येई सावकाश.

संख्या सावकाराच्या वहीहून निःपक्षपाती आहे हे कबूल केले पाहिजे. तिला जात नाही, तिला बाजारच्या दिवशी राग येत नाही, आणि ऋणकोला ती स्वतः पाहता येते, ही तर निशाणी नांगरच्या काळात कल्पनेपलीकडची सोय. परंतु नोंद पाठविणारा अजूनही धनकोच आहे. २०६ वे कलम नाव आणि क्रमांक बदलून आजच्या दिवाणी संहितेत एकविसाव्या आदेशाचा दुसरा नियम म्हणून नांदते आहे. एवढाच फरक की कोर्टाबाहेर फेड केल्यावर धनकोने कळविले नाही तर ऋणकोला स्वतः अर्ज करता येतो, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने त्याला त्यासाठी तीस दिवस दिले आहेत. ते चुकले तर बजावणी करणारे कोर्ट त्याची फेड ओळखत नाही. पतीच्या अहवालाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आदेशात तीसच दिवस आहेत, पण ते दुसऱ्या बाजूला टाकलेले: चुकीच्या नोंदीची तक्रार तेवढ्यात निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. १८७९ च्या कायद्यातील दंड सरकारजमा होत असे. हा ऋणकोच्या खात्यात जमा होतो.